चौथ्या सीटवरच्या मुलीला

प्रिय मुली,

तुझं नाव मी शेवटपर्यंत विचारलंच नाही. लोकलमध्ये हे असंच होतं. तुझ्या आजीच्या मोतीबिंदूपासून तुझ्या केटीपर्यंत सगळं मला माहीत, नाव तेवढं राहून गेलं. तू मला 'काकू' म्हणायचीस आणि मी तुला 'अगं'. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहिते आहे. डोंबिवलीहून सुटणारी सकाळची स्लो, मधला लेडीज डबा, चौथी सीट (म्हणजे अर्धीच), उतरायचं माटुंग्याला. एवढ्यावरून ओळखशील.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर मुलाचा जुना रुबिक क्यूब सापडला. तो होस्टेलला गेलेला, घर रिकामं. म्हटलं बघू. व्हिडिओ लावून एकेक थर जमवत गेले. आठ दिवस रोज शेवटपर्यंत जायची आणि शेवटी एक कोपरा जागच्या जागी वाकडाच राहायचा. परत सगळं मोडायचं, परत तेच. माझंच काहीतरी चुकतंय, गणित आपलं कच्चंच होतं, अशी मनाची समजूत घालून झाली होती. गाडीत तू दोन दिवस नुसती बघत होतीस. तिसऱ्या दिवशी कळवा गेल्यावर विचारलंस, "काकू, हा कधी उघडला होता का?"

उघडला होता. मुलाने चौथीत असताना सगळे तुकडे काढून पुन्हा ठोकून बसवले होते. तू हसलीस. म्हणालीस, सुटे तुकडे मनाला येतील तसे बसवले तर बारातला एकच क्यूब सुटण्यासारखा निघतो, बाकी अकरा जन्मभर फिरवले तरी नाही. आणि अंगठ्याने कट्‌कन तो कोपरा जागेवरच वळवलास. झाला पूर्ण! मी हात पुढे केला, तर तू तो माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा विस्कटलास आणि मग हातात दिलास. खरं सांगते, तेव्हा तुझा भयंकर राग आला होता.

तुझं पुढचं शिकवणंही त्याच जातीचं. उजवी बाजू वर, वरची डावीकडे, उजवी खाली, वरची उजवीकडे. या चार चाली तू मला दिवा ते मुंब्रा नुसत्या घोकायला लावल्यास. स्वेटर विणताना एक सुलट एक उलट म्हणतो तशा त्या माझ्या तोंडात बसल्या. जमवलेल्या क्यूबवर त्याच चार चाली सहा वेळा केल्या की क्यूब होता तसा परत येतो, हे मला तू सांगितलं नाहीस, माझं मला सापडू दिलंस. (त्या चार चालींचं इंग्रजी नाव, 'सेक्सी मूव्ह', सांगायला तू का लाजलीस ते पुढे व्हिडिओ बघताना कळलं.)

मशीनच्या तेलाचा किस्सा मात्र कुणाला सांगू नकोस. क्यूब अडकतो म्हणून मी त्यात शिलाई मशीनचं तेल घातलं आणि दोन दिवसांत त्याचा चिक्कीसारखा गठ्ठा झाला. तू काही बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी तुझा जुना चुंबकवाला क्यूब माझ्या डब्याच्या पिशवीत टाकलास. बोटाच्या एका टिचकीने थर फिरतो आणि चुंबकामुळे नेमका जागेवर थांबतो, हे पहिल्यांदा कळलं. तोवर मला वाटायचं की वेगवान माणसांची बोटं काही वेगळी असतात.

एक थर, दुसरा थर, तिसरा थर या पद्धतीने मी अडीच मिनिटांवर आले आणि खूश होते. तेव्हा तू क्यूब वेगात सोडवायची फ्रिड्रिच पद्धत काढलीस. मला आधी हा कुणी जर्मन पुरुष वाटला. तू म्हणालीस, "बाई आहेत काकू." जेसिका फ्रिड्रिच, चेकोस्लोव्हाकियात वाढलेल्या, १९८२ साली तिथली क्यूबची स्पर्धा जिंकलेल्या, पुढे अमेरिकेत बिंगहॅम्टन विद्यापीठात प्राध्यापक. फोटोतल्या बारीक दोषांवरून तो कुठल्या कॅमेऱ्याने काढला हे ओळखण्याचं काम त्यांनी केलं. पद्धतीत इतरांचाही हात आहे म्हणून हल्ली सगळे तिच्या चार पायऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सीएफओपी म्हणतात, पण मी फ्रिड्रिचच म्हणते. ऑफिसात आमच्या साहेबांना मुद्दाम सांगितलं.

खाली पांढरा क्रॉस, मग कोपरा आणि कड यांची जोडी लावून एकदम दोन थर, मग वरची बाजू पिवळी करणं, मग वरच्या थरातल्या तुकड्यांच्या जागा बदलणं. शेवटच्या दोन पायऱ्यांचे ५७ आणि २१ अल्गो (म्हणजे पाठ करायच्या चालींच्या ठरलेल्या माळा) ऐकून मी क्यूब तुला परत द्यायला निघाले होते. तू पिवळा दोन टप्प्यांत करायला दिलास, १० अल्गोंत भागलं. जागा बदलायलाही आधी सहाच. त्यातला टी-पर्म नावाचा अल्गो पाठ व्हायला मला तीन आठवडे लागले, आणि एकदा बोटांत बसला तो असा की डोक्याला विचारलं तर आजही सांगता येत नाही, हातालाच विचारावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

५८ सेकंदांवर मी अडकले. दोन महिने. अल्गो वाढवले, बोटं पळवली, घड्याळ तिथेच. यजमान म्हणाले, वयाचा परिणाम. मला ते पटायलाही लागलं होतं. तू एक दिवस भांडुपला माझ्या हातातला क्यूब धरून ठेवलास आणि म्हणालीस, "हिरवा-नारिंगी तुकडा कुठे आहे? न फिरवता सांगा." मला सांगता येईना. मी एक जोडी भर्रकन लावायची, मग थांबून क्यूब चहूबाजूंनी फिरवत पुढची शोधायची. धावणं सगळं लावण्यात आणि वेळ सगळा शोधण्यात जात होता. तू मला आठवडाभर घड्याळ लावायची बंदी केलीस. सावकाश फिरवायचं, इतकं सावकाश की हात एक जोडी लावत असताना डोळे पुढच्या जोडीवर गेले पाहिजेत. थांबलात तर पहिल्यापासून. आणि क्रॉस आधी पूर्ण मनात बांधायचा, मग डोळे मिटून करायचा. आठ चालींपेक्षा जास्त कधीच लागत नाहीत म्हणालीस, म्हणजे मनात मावतात.

समोरच्या बाईंना वाटलं मी जप करते आहे.

आठवड्यानंतर घड्याळ लावलं. पहिलाच ४९. मी हात आवरत होते, घाई कुठेच नव्हती, आणि तरी ४९! त्या दिवशी तू माटुंग्याला उतरताना मी सांगायला हाक मारली, पण चढणाऱ्या बायकांच्या गर्दीत तुला ऐकू गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं तर म्हणालीस, "मग आज क्रॉसमध्ये चूक का केली?" शाब्बास वगैरे शब्द तुझ्याकडे नव्हतेच. बरं झालं.

मार्चनंतर तू दिसली नाहीस. परीक्षा झाली असेल, नोकरी लागली असेल, वेळ बदलली असेल. म्हणून पुढचं इथेच सांगते. डिसेंबरात ठाण्यात स्पर्धा होती, मी नाव दिलं. वयाची अट नसते असं तूच म्हणाली होतीस, पण माझ्या एका बाजूला दुसरीतला मुलगा आणि दुसऱ्या बाजूला त्याची बहीण असेल हे सांगितलं नव्हतंस. त्या मुलाने मला विचारलं, "आजी, तुम्ही कोणाबरोबर आलात?" मी ४७ वर्षांची आहे.

सोडवण्याआधी क्यूब नुसता बघायला १५ सेकंद मिळतात, आठव्या आणि बाराव्या सेकंदाला परीक्षक हाक देतात. आठची हाक आली आणि मनात बांधलेला क्रॉस साफ उडाला. हात टायमरवर ठेवले तेव्हा कापत होते. दुसऱ्या वेळी शेवटचा थर ४५ अंशांहून जास्त तिरका ठेवूनच टायमर थांबवला, दोन सेकंद दंड. माझे पाच प्रयत्न, सेकंदांत: ४३.८१, दंडासकट ४७.२६, ३९.६४, ४२.९०, ५२.३३. सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट वेळ सोडून सरासरी ४४.६६. आजूबाजूची पोरं दहाच्या आत सोडवत होती. पण १९८२ च्या बुडापेस्टच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत जिंकणाऱ्या मिन्ह थायची वेळ २२.९५ होती, ते बघता मी चाळीस वर्षं उशिरा आणि दुप्पट वेळात, एवढंच. ते ३९.६४ मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, गॅस सिलिंडरच्या तारखेच्या खाली.

आणि तुझा क्यूब अजून माझ्याकडेच आहे. माझी गाडी तीच, डबा तोच, कोपरनंतर चौथी सीटही राखून ठेवते. ये आणि घेऊन जा. तेल घालून ठेवलंय, सिलिकॉनचं.

तुझी,
खिडकीजवळची काकू