मामाजींना दिवसभर सांभाळणाऱ्यांचे आभार

दिवाळीनंतर यवतमाळकडच्या आमच्या गावात घराघराला कुलूप. सारे कापूस वेचायला वावरात. कंपवात झालेल्या मामाजींना दिवसभर कोणाच्या भरवशावर ठेवायचं? शेजारगावच्या विरंगुळा केंद्रातल्या माणसांनी ते अंगावर घेतलं. नावं लिहू नका म्हणाले, म्हणून लिहीत नाही.

जेवणाच्या अर्धा तास आधीची गोळी तिथल्या ताईंनी कधी चुकवली नाही. पेला अर्धाच भरतात, चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळून तो जाड करतात, म्हणून मामाजी गोळाभात स्वतःच्या हाताने खातात. भरवलेलं त्यांना खपत नाही, जुना ताठा! ऑटोवाले दादाही शिकले: पाय अडला की ओढायचं नाही, पुढ्यात काठी आडवी धरायची, ती ओलांडायला पाऊल उचलतं.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत कंपवातही येतो, हे आम्हाला केंद्रातल्या एका पोराने सांगितलं. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज त्यानेच मोबाइलवर भरला, तपासणीला जिल्ह्याच्या दवाखान्यातही सोबत आला. चहासुद्धा घेतला नाही.

ओल्या तुरीच्या शेंगा निघाल्या की टोपलीभर केंद्रात पोचत्या करू. तेव्हा मात्र नाही म्हणायचं नाही.