‘कान्होजी’ ठेवा, पण नीट लिहा

महोदय,
बाळासाठी जुने मराठी नाव शोधणाऱ्यांनी ‘कान्होजी’चा जरूर विचार करावा. कृष्णाचे प्राकृतात ‘कण्ह’ झाले, त्यातून कान्हा, कान्हो. पुढे आदराचा ‘जी’. मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. मुंबईत नौदलाचा ‘आंग्रे’ तळ आहे, खांदेरी बेटालाही त्यांचेच नाव आहे. घरात मात्र हे नाव आता क्वचितच ऐकू येते, याची खंत वाटते.

घोळ होतो तो लिहिण्यात. टंकताना ‘न्ह’चा पाय मोडायचा राहतो आणि दाखल्यावर ‘कानहोजी’ उमटते. जन्मनोंदणीनंतर १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. दाखला हातात पडताच मराठी-इंग्रजी दोन्ही नावे अक्षरन् अक्षर तपासा. शाळेत तेच नाव चढते.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई