घरं अडतात ती टेंडरच्या फायलीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या इमारती रखडल्या की सगळे ठेकेदाराला बोल लावतात. त्याची ढिलाई असते, नाही असं नाही. पण त्याहून जास्त महिने खातो तो खरेदीचा कारभार, आणि तो सुधारणं आपल्या इंदूर नगर निगमच्याच (महापालिकेच्याच) हातात आहे.

सुरुवात पायापासूनच होते. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तडकते. जमिनीत बोअर घेऊन माती न तपासता नुसत्या अंदाजावर डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) केला, तर खोदाईत मुरूम कागदावरच्यापेक्षा दीड-दोन मीटर खाली लागतो. मग पाया बदलावा लागतो, पण ती बाब बीओक्यूत, म्हणजे टेंडरमधल्या कामांच्या आणि परिमाणांच्या यादीत, नसते. एक्स्ट्रा आयटम, दर-पृथक्करण (नव्या बाबीचा दर कसा निघाला त्याचा हिशेब), सुधारित अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, शेवटी एमआयसी (महापौर परिषद) अशी फाइल फिरत राहते आणि खणलेला खड्डा पावसाच्या पाण्याने भरतो. त्या पाण्याने तळाची माती मऊ होते, ती काढून पुन्हा मुरूम भरायचा खर्च वेगळा. म्हणून टेंडरआधीच प्रत्येक ब्लॉकखाली बोअर घ्यावेत, अहवाल टेंडरला जोडावा आणि पाइल (खोल खांबांचा पाया) व राफ्ट (इमारतीखाली सलग स्लॅबचा पाया) या दोन्हींचे दर आधीच मागून ठेवावेत. माती परीक्षणाचा खर्च पूर्ण इमारतीच्या मानाने किरकोळ असतो.

दुसरं दुखणं तुकड्यातुकड्यांच्या टेंडरांचं. इमारत एकाकडे, लिफ्ट दुसऱ्याकडे, ट्रान्सफॉर्मर आणि बाहेरची ड्रेनेज लाइन तिसऱ्याकडे, नर्मदेचं पाणी आणखी कुणाकडे. शेवटचं टेंडर मागे पडलं की रंगरंगोटी झालेली इमारत कुलूप लावून उभी राहते. ज्यांच्या नावावर फ्लॅट निघाला ते घरभाडं आणि बँकेचा हप्ता दोन्ही भरत बसतात. हे हाल खरंच टाळता येण्यासारखे आहेत. ताबा देण्याजोगं घर हेच एक काम धरून सगळ्या सेवांसह एकच टेंडर निघावं.

तिसरी गोष्ट बिलांची. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्या खात्यांना सांगितलं की काम सुरू असताना ठेकेदार जे चालू बिल देतो, त्याची किमान ७५ टक्के रक्कम बिल दिल्यापासून १० कामाच्या दिवसांत द्यावी आणि उरलेली अंतिम तपासणी करून, बिल दिल्यापासूनच २८ कामाच्या दिवसांत. हे निगमला आपोआप लागू होत नाही, पण निगमच्या परिषदेने ठराव करून टेंडरच्या अटींमध्ये घालायला हरकत कसली? बिल अडकणार हे ठाऊक असलेला ठेकेदार ते व्याज आधीच दरात धरतो, नाहीतर सळई आणायचीच थांबवतो. आवास योजनेत केंद्राचं दीड लाखाचं साहाय्य ४०, ४० आणि २० टक्के अशा हप्त्यांत येतं. मधल्या काळासाठी निगमने वेगळं फिरतं खातं ठेवलं नाही, तर हप्त्याची वाट पाहत काम थांबतं.

एकच निविदा आली म्हणून फेरनिविदा काढायची सवयही सोडावी. जाहिरात नीट झाली असेल, अटी कुणा एकासाठी बेतलेल्या नसतील आणि दर वाजवी असेल, तर एकटी निविदाही ग्राह्य धरता येते, असं केंद्राची खरेदी-पुस्तिका सांगते. मुदतीत मात्र काटछाट नको. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत निविदा भरायला साधारणपणे किमान तीन आठवडे दिले आहेत, ते हवेतच. घाई करायची ती निविदा उघडल्यानंतर.

नव्या बांधकाम-तंत्रालाही खरेदीची जुनी पद्धत चालत नाही. १ जानेवारी २०२१ रोजी पायाभरणी झालेल्या इंदूरच्या लाइटहाउस प्रकल्पातली (नवं तंत्र वापरून दाखवणारा केंद्राचा गृहप्रकल्प) १०२४ घरं प्रीफॅब सँडविच पॅनेलची, म्हणजे कारखान्यात तयार केलेल्या थरांच्या भिंतींची. अशा पॅनेलला विटा-सिमेंटच्या एसओआरचं (सरकारी दरसूचीचं) माप लावता येत नाही. तिथे भार, आग, गळती यांच्या कसोट्या लिहून एकरकमी दरच मागवावा लागतो.

निगमने निदान एवढं लगेच करावं: प्रत्येक आवास प्रकल्पाची फाइल कोणत्या टेबलावर कोणत्या तारखेला आली आणि कधी सुटली, ते संकेतस्थळावर टाकावं. तांत्रिक मंजुरी, निविदा उघडणं, कार्यादेश आणि प्रत्येक बिल, एवढ्या तारखा पुरेत.

आपला,
एक वाचक,
सुदामानगर, इंदूर