अल्काँचा कॉन्चर्टो: मृण्मयीस पत्र

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

अल्काँचा एकट्या पियानोसाठीचा कॉन्चर्टो (एरवी ही एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना असते) ऐकून ‘ही नुसती बोटांची कसरत आहे’ असे तू परवा म्हणालीस. ते मला पटलेले नाही, आणि फोनवर उरकण्याजोगा हा विषय नसल्याने सविस्तर लिहीत आहे.

शार्ल-वालाँताँ अल्काँ (१८१३–१८८८) हा पॅरिसचा पियानोवादक-संगीतकार, प्रसिद्ध संगीतकार शोपँचा शेजारी आणि मित्र. शोपँ जगभर पोहोचला आणि अल्काँ मात्र विस्मरणात गेला. बुसोनीसारख्या मोठ्या वादकाने त्याचा कैवार घेतला. मुंबईच्या पारशी वडिलांचा मुलगा, इंग्लंडमध्ये राहिलेला संगीतकार कायखुश्रू सोराबजी यानेही १९३२च्या आपल्या लेखसंग्रहात त्याच्यावर आवर्जून लिहिले. पण ऐकायला ध्वनिमुद्रणेच नसतील तर लेखांनी कितीसे भागणार? रेमंड लेवेंथालची १९६५ची तबकडी आली, तेव्हा कुठे अनेक श्रोत्यांच्या कानांवर हे संगीत प्रथमच पडले.

आता मुद्द्याचे. हा कॉन्चर्टो म्हणजे १८५७ साली छापलेल्या ओपस ३९ या संग्रहातील आठ ते दहा क्रमांकांचे एट्यूड, म्हणजे सरावासाठीच्या रचना. वाद्यवृंद नाहीच, तो आणि त्याच्यासमोरचा एकल वादक, दोन्ही एकाच माणसाने उभे करायचे. पहिला भागच १३४१ बारांचा (बार म्हणजे तालाचा एक खंड), जवळजवळ अर्ध्या तासाचा आहे, आणि त्यात अल्काँने ‘टुटी’ (सगळा वाद्यवृंद) कुठे नि ‘सोलो’ (एकटा वादक) कुठे हे स्वतः लिहून ठेवले आहे. म्हणून वादकाला खरी अवघड गोष्ट वेगाची नाही. ‘टुटी’ संपून ‘सोलो’ सुरू होताना त्याच पट्ट्यांमधून निराळा आवाज निघाला पाहिजे, जणू चाळीस माणसे थांबली आणि एकजण बोलू लागला. तो फरक वाजवणाऱ्याने केला नाही, तर उरते ती कसरतच, हे मात्र तुझे खरे.

पियानोवादक जॉन ऑग्डन (१९६२च्या चायकोव्स्की स्पर्धेत अश्केनाझींबरोबर विभागून पहिला आलेला) हा भाग जिवावर उदार होऊन वाजवतो. काही ठिकाणी कडा खडबडीत राहतात, पण ताण कुठेही सुटत नाही. मार्क-आंद्रे आम्लाँच्या २००७च्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक पदर वेगळा ऐकू येतो, आणि पहिल्या भागात एकच स्वर झपाट्याने पुन्हा पुन्हा वाजतो ती जागा तो इतकी हलकी ठेवतो की खालची चाल झाकली जात नाही. मला स्वतःला ऑग्डन अधिक भिडतो. शिकण्यासाठी मात्र आम्लाँ घे.

नोटेशन समोर ठेवून, पेन्सिलीने ‘टुटी’च्या जागांवर खुणा करून, आधी पहिला भाग दोघांचाही ऐक. दुसऱ्या संथ भागातला ढोलासारखा शोकगंभीर ठेका नंतर निवांत ऐक. तू ऐकलेले ध्वनिमुद्रण कोणाचे होते, तेही कळव.

तुझे,
बाबा