तू नेमकी कोण?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शेवटी विचारलंयस, "आता तू नेमकी कोण? चित्रकार, कुंभार, विणकर की मास्तरीण?" फॉर्मवरचा 'व्यवसाय' हा रकाना मीही दरवेळी पेन चावतच भरते रे.

मी चित्रं सोडली असं तुला वाटतं, पण तसं नाही. कॅनव्हासवर मी रंगाला हवं तसं वळवायचे. मागावर ते जमेना. उभे धागे, म्हणजे ताणा, तांबडा; आडवे, म्हणजे बाणा, निळा. लांबून जांभळं दिसतं, जवळ गेलं की दोघे आपापल्या जागी. तेव्हापासून पॅलेटवर रंग कालवायचा माझा हव्यास कमी झाला. एका कामाचं वळण दुसऱ्यात घुसतं, त्याला मी काय करू?

नावाजलेली विणकर अ‍ॅनी अल्बर्स, तिला आधी विणकाम नकोच होतं. १९२२ मध्ये ती बाउहाउस या जर्मनीतल्या कलाशाळेत शिरली, पण मुलींना बहुतेक करून मागावरच बसवत. पुढे १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तिच्याच विणकामाचं स्वतंत्र प्रदर्शन झालं. याच बाईने सिंकची जाळी आणि कागदांना लावायच्या क्लिपा घेऊन गळ्यातले हारही केलेत! तिचा नवरा योझेफ विद्यार्थ्यांपुढे वर्तमानपत्रं टाकून सांगायचा, यातून काहीतरी करा, पण कागद वाया जाता कामा नये. कुणी किल्ले केले, कुणी होड्या. त्याला आवडला तो नुसती घडी घालून उभा केलेला कागद. माझा पहिला तास मी याच खेळाने घेते आणि स्वतःही करते. माझं सगळ्यात वाईट होतं. मुलं खूश.

आता एक गोष्ट, तुला कधी न सांगितलेली. मागच्या वर्षी एका मुलीने मातीचा बैल केला होता. पाय जाडजूड, बसका, फार गोड. मला भट्टी भरायची घाई. बैल गालाला लावून पाहिला असता तर गार लागला असता, म्हणजे आत ओल आहे हे कळलं असतं. नाही पाहिला. त्या ओलीची वाफ झाली आणि बैलाच्या ठिकऱ्या उडाल्या. शेजारच्या दोन वाट्याही गेल्या. ती रडवेली झाली आणि मी चटकन म्हणाले, "तुझ्या मातीत हवा राहिली असेल."

बुडबुड्याने सहसा काही होत नाही. फोडते ती ओल, आणि हे मला चांगलं माहीत होतं. पण त्यानंतर ती पोरगी प्रत्येक तासाला, बाकीच्यांचं भांडं अर्धं होईपर्यंत, हवा काढायला नुसती माती मळत बसायची. मनगटं दुखेपर्यंत. मी पाहत होते. तीन आठवडे.

शेवटी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिडेल. तिने हात पुसले आणि विचारलं, "बाई, मग आता एवढं मळायला नको ना?"

नवीन बैल केलाय तिने. रोज सकाळी येऊन गालाला लावून बघते आणि मान हलवते, अजून गार.

तुझीच,
रकाना कोरा ठेवणारी