ढाल गोल नव्हती

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतला सुपरहिरोंवरचा लेख आवडला. फक्त ‘सुपरमॅनचे पहिले पुस्तक’ हे शब्द खटकले. जून १९३८चा ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक एकट्या सुपरमॅनचा नव्हताच. दहा सेंटला ६४ पाने. त्यांतली १३ त्याची, बाकीची जादूगार झटारा आणि इतरांची. आपल्या दिवाळी अंकासारखा सगळा फराळ एका ताटात!

आणखी एक. कॅप्टन अमेरिकाने मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा लगावला तो अमेरिका युद्धात उतरण्याआधी. मार्च १९४१ अशी तारीख छापलेला तो अंक डिसेंबर १९४०मध्येच विक्रीला आला होता. अमेरिकेला युद्धात ओढणारा पर्ल हार्बरवरचा जपानी हल्ला त्यानंतर वर्षभराने. कॅप्टनचे निर्माते जो सायमन आणि जॅक कर्बी, दोघेही ज्यू कुटुंबांतले. त्यांना धमक्याही आल्या. लेखासोबतच्या चित्रात कॅप्टनच्या हाती गोल ढाल दाखवली आहे. त्या पहिल्या मुखपृष्ठावर ती खाली निमुळती होत गेलेली, त्रिकोणी आहे. गोल झाली ती दुसऱ्या अंकापासून.

युद्धकाळातल्या रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत असे कितीतरी अंक लगद्यात गेले. उरलेल्यांच्या किमती ऐकून आता डोळे पांढरे होतात.

– एक वाचक, सांगली