सोनकिड्यांची अंडी जळतात

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटात एक फोटो फिरला. ओसरीच्या पायरीवर चेपून पडलेला हिरवागार किडा आणि खाली एक ओळ, ‘विषारी आहे, दिसला तर मारा, मुलांना सांभाळा.’ तासाभरात तोच फोटो मला आणखी तिघांकडून आला. फोटो पाहून मला फार वाईट वाटलं, कारण तो सोनकिडा होता. काही जण त्याला सोनपाखरू म्हणतात, शहरातली मुलं ज्वेल बीटल म्हणतात. त्याला नांगी नसते. तो माणसाच्या वाटेला जात नाही. हात लावलात तर पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग घेतो, एवढाच काय तो त्याचा बचाव.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूची बागायत सांभाळते, त्यामुळे या किड्याशी माझी ओळख पुस्तकातली नाही. आमच्या बागायतीच्या कडेला एक जुनं मानकुराद आंब्याचं झाड होतं. ते सुकलं, म्हणून दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आम्ही ते कापायला घेतलं. कापलेले ओंडके तिथेच रचून ठेवले, सवडीने जाळू म्हणून. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, एक-दीडच्या उन्हात, कामाला असलेला मुलगा हाक मारत आला, “बाय, हें भांगराचें कितें?” (बाई, हे सोन्याचं काय?)

ओंडक्यावर इंचभर लांबीचा, निमुळत्या अंगाचा किडा चालत होता. समोरून पाहिला तर कोवळ्या पातीसारखा हिरवा, जरा बाजूला सरकून पाहिला तर तांब्याची झाक. थोड्या वेळाने आणखी एक आला, मग तिसरा. उडताना मोठा घोंघावल्यासारखा आवाज. एक मादी सालीच्या भेगेवर थांबायची, पोटाचं टोक भेगेत खुपसायची, क्षणभर स्थिर राहायची आणि पुढे सरकायची. ती अंडी घालत होती. मी अर्धा तास उभी होते. उन्हाने डोकं दुखायला लागलं तरी पाय निघेना.

कृषी विषयात शिकलेल्या एका परिचितांना फोटो दाखवला, तेव्हा नाव कळलं, बेलिओनोटा प्रासिना. स्वीडनच्या थुनबर्ग या शास्त्रज्ञाने १७८९ मध्ये या जातीची नोंद केली. प्रासिना म्हणजे लॅटिनमध्ये कांद्याच्या जातीतल्या लीकच्या पातीसारखा हिरवा. आंबा आणि काजू ही दोन्ही झाडं याच्या अळीला चालतात, म्हणजे आपल्या गोव्यात त्याला घराची वाण नाही. सोनकिड्यांच्या या कुळात जगभरात सुमारे १५,००० जाती आहेत.

त्याच्या अंगावरचा हिरवा म्हणजे रंगद्रव्य नव्हे. कवचात एकावर एक अतिशय पातळ थर असतात आणि त्यांच्यावरून परतणारा प्रकाश आपल्याला हिरवा दिसतो, साबणाच्या फुग्यावर दिसतो तसा. म्हणूनच किडा मेला तरी रंग उडत नाही. जपानमध्ये नारा प्रांतातल्या होर्यूजी मंदिरात सातव्या शतकातला एक देव्हारा आहे, त्याच्या नक्षीखाली सोनकिड्यांचे पंख बसवलेले आहेत. आपल्याकडे जम्मूतल्या बसोहलीच्या लघुचित्रांत देवीच्या अंगावरचे पाचू दाखवायला पंखांचेच तुकडे चिकटवत. ब्रुसेल्सच्या राजवाड्यात २००२ मध्ये एका दालनाचं छत थायलंडच्या सोनकिड्यांच्या सुमारे १४ लाख पंखांनी मढवलं गेलं. पायरीवर चिरडलेला किडा याच घराण्यातला.

पण मी पत्र लिहायला बसले ते त्या ओंडक्यांसाठी.

सोनकिड्याचं खरं आयुष्य लाकडाच्या आत जातं. अळी पांढरी, बिनपायांची, डोक्याकडे रुंद आणि चपटी, जणू हातोडीने ठोकून चपटा केलेला खिळा. ती सालीखाली आणि लाकडात चपटे बोगदे कोरते आणि मागे भुसा ठासत जाते. त्यात महिने जातात, काही जातींत वर्षं. अमेरिकेतल्या एका सोनेरी जातीची अळी इमारतीच्या लाकडात अडकली आणि ५० वर्षांनंतर किडा होऊन बाहेर आली, अशी नोंद आहे. पंख फुटल्यावर मात्र त्याच्या हातात थोडेच आठवडे असतात. तेवढ्यात जोडीदार शोधायचा आणि मादीने सुकतं किंवा ताजं तोडलेलं लाकूड हुडकून अंडी घालायची.

आणि आपण काय करतो? काजूच्या हंगामाआधी बेणणी करतो, म्हणजे झाडांखालचं गवत-झुडपं काढतो, सुकी झाडं कापतो, ओंडक्यांची रास घालतो. चार-सहा आठवडे ती तशीच पडून राहते. तोडलेल्या लाकडाच्या वासाने आसपासच्या रानातल्या माद्या येतात, जवळ आहेत तेवढी अंडी त्या राशीत ठेवतात. मग एका संध्याकाळी आपण काडी लावतो. झाड कापलं त्याच दिवशी लाकूड हलवलं असतं तर त्या माद्या दुसरीकडे गेल्या असत्या. ताजं लाकूड पडून राहू देऊन मग जाळणं म्हणजे बोलावून आणून मारणं. त्या एप्रिलमध्ये मी ती रास पेटवू दिली नाही. पण त्याआधी कितीतरी वर्षं आम्ही दर हंगामाला तेच केलं होतं, हे आठवलं की जीव कासावीस होतो.

माझे बागायतदार बंधू विचारतील, मग काजूच्या किडीचं काय? प्रश्न रास्त आहे. पानं पिवळी पडून बुंध्याशी भुसा आणि डिंक दिसू लागला तर तो बहुतेक लांब मिशांच्या खोडकिड्याचा प्रताप, आणि हाताबाहेर गेलेलं झाड काढून नष्ट करावंच लागतं. तिथे दयामाया करू नये. सोनकिड्याची अळीही काजूत सापडते, पण हा बहुधा मरगळलेल्या, सुकत्या झाडाकडे वळतो. म्हणून माझं सांगणं काजूच्या रोगट झाडांबद्दल नाही. बांधावरचा सुका आंबा, कुंपणाकडेचं रानटी झाड, कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, वरच्या अंगाला वठलेलं खोड, जे कोणाच्या डोक्यावर पडणार नाही, ते उभं राहू द्या. त्यात सुतार पक्षी येतो, तांबट घरटं कोरतो. केरीच्या आजोबाच्या राईसारख्या आपल्या देवराया पाहा, तिथे पडलेली सुकी फांदीसुद्धा उचलायची नाही, असा जुना रिवाज.

आगीचं तर वेगळं सांगायला नकोच. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात रान पेटलं, विझवायला नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली. त्या दिवसांत आमच्या अंगणात राख येऊन पडत होती.

आपल्या दैनिकाला माझी विनंती एवढीच. फेब्रुवारीत, बेणणी सुरू व्हायच्या आधी, आपल्या शेतीच्या पानावर चार ओळींची सूचना छापावी, की तोडलेलं लाकूड त्याच दिवशी हलवा, नाहीतर तिथेच कुजू द्या, पण पडून राहिलेली रास पेटवू नका. सोबत सोनकिड्याचा एक रंगीत फोटोही छापावा. माझ्याकडे त्या एप्रिलच्या दुपारचे बरेच आहेत, हवे तेवढे पाठवीन.

कळावे,
एक काजू बागायतदार, सत्तरी